फायब्रोमायल्जिया आणि इलेक्ट्रोलाइटची पाकिटे : चोपडा तालुक्यातील एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातील ४३ वर्षांच्या एका ताईंना दोन वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे सर्वांग दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान झाले. वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम, सकाळी थायरॉईडची गोळी आणि गेली तीन वर्षे रोज आम्लपित्ताची पॅन्टोप्राझोल असा त्यांचा औषधक्रम चालू आहे. पुण्याच्या नणंदेने इलेक्ट्रोलाइट (म्हणजे क्षारांच्या) पावडरची पाकिटे पाठवल्यापासून त्या रोज दोन पाकिटे पाण्यातून घेतात. महिनाभरात पोटऱ्यांत येणारे गोळे कमी झाले, दुपारचा थकवाही जरा उतरला, परंतु मान, खांदे आणि कंबर यांचे ठणकणे तसेच आहे. तीन पाकिटे घेतली तर हे दुखणेही जाईल का, आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेले यजमानही त्यातलेच एक पाकीट रोज घेतात, ते चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुम्ही गोळे, थकवा आणि ठणका यांतील फरक स्वतः नोंदवला आहे, आणि माझ्या दृष्टीने उत्तराचा निम्मा भाग त्या नोंदीतच आहे. मी जळगाव जिल्ह्यात २६ वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे. ‘डॉक्टर, सर्वं आंग दुखस’ असे सांगत येणाऱ्या आणि हातात सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेल्या किती तरी बायका मी पाहिल्या आहेत. त्यांपैकी अनेकींना घरातून ‘तुला काही झालेले नाही’ असेच ऐकावे लागलेले असते. म्हणून प्रथम एवढे स्पष्टपणे सांगतो की फायब्रोमायल्जियातील वेदना खरी असते. मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यातून जाणारा वेदनेचा संदेश या आजारात वाजवीपेक्षा तीव्र होऊन पोहोचतो, त्यामुळे सांधा किंवा स्नायू बाहेरून तपासून त्यात सूज सापडत नाही, आणि शरीरातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्याही सामान्य येतात.

आता क्षारांविषयी. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोराइड हे क्षार स्नायूंचे आकुंचन आणि नसांमधून जाणारे संदेश चालवतात. ते कमी पडले की गोळे येतात, गळून गेल्यासारखे होते, डोके जड राहते, छातीत धडधडते, काम सुचत नाही. ही यादी फायब्रोमायल्जियाच्या यादीशी इतकी मिळतीजुळती आहे की दोन्हींची गल्लत होणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र फायब्रोमायल्जिया क्षारांच्या तुटीने होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. एखाद्या रुग्णाला फायब्रोमायल्जिया असू शकतो आणि त्यावर क्षारांची वेगळी तूटही असू शकते. अशा वेळी तूट भरून काढली की तुटीमुळे होणारा त्रास जातो आणि मूळ आजाराचा त्रास उरतो. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे असा माझा अंदाज आहे. गोळे गेले, ठणका राहिला. त्यामुळे तिसऱ्या पाकिटाने ठणका जाईल अशी अपेक्षा मी धरणार नाही, आणि तिसरे पाकीट घेऊ नका असेच सांगेन.

तुम्ही पाकिटावरचा मजकूर लिहून पाठवलात हे फार बरे झाले. एका पाकिटात सोडियम १००० मिलिग्रॅम, पोटॅशियम २०० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम ६० मिलिग्रॅम आहे. १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. दोन पाकिटांचे पाच ग्रॅम होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून सांगितलेली मर्यादाच पाच ग्रॅम मिठाची आहे. आपल्याकडच्या जेवणात शेवभाजी, ठेचा, लोणचे, पापड, बिबडे यांतून किती मीठ पोटात जाते हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको. तिसऱ्या पाकिटाने ठणका तर जाणार नाहीच, उलट रक्तदाब वाढण्याची आणि पायांवर सूज येण्याची शक्यता वाढेल. याउलट मॅग्नेशियम पाहा. बाजरीच्या किंवा ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ८० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते, म्हणजे पाकिटापेक्षा जास्तच, आणि मूठभर शेंगदाण्यांतून आणखी ५० मिळते. धान्यातील सगळे मॅग्नेशियम शरीरात शोषले जात नाही हे खरे. तरीही ज्या घरात भाकरी सुटून तिन्ही त्रिकाळ मैद्याची बिस्किटे आणि पाव आले आहेत, तिथे मॅग्नेशियम कमी पडण्याचे एक कारण ताटातच दिसते. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतात, म्हणून मी ती रुग्णांना आवर्जून खायला सांगतो.

तुम्हाला बरे का वाटले, याची माझ्या मते तीन कारणे संभवतात आणि तिन्ही एकत्रही असू शकतात. पहिले कारण केवळ पाणी हे असू शकेल. दोन पाकिटांच्या निमित्ताने तुम्ही दिवसाला एक लिटर पाणी जास्त पिऊ लागलात. निंदणीला किंवा कापूस वेचणीला जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका शेतात आडोसा नसतो म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर असतानाही पीत नाहीत. संध्याकाळी डोके दुखते, पोटऱ्या वळतात, आणि ते सगळे ‘आजार वाढला’ या खात्यात जमा होते. दुसरे कारण असे की फायब्रोमायल्जियाचा त्रास मुळातच कमी-जास्त होत राहतो. माणूस नवा उपाय सुरू करतो तो बहुधा त्रास टोकाला पोहोचलेला असतो तेव्हा, आणि त्यानंतर येणारा नैसर्गिक उतार त्या उपायाच्या नावावर मांडला जातो.

तिसऱ्या कारणाकडे मात्र मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण ते तुमच्या औषधांच्या डब्यात आहे. पॅन्टोप्राझोल आणि त्या वर्गातील आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ, विशेषतः वर्षाहून अधिक काळ, घेतल्यास काही जणांच्या आतड्यांतून मॅग्नेशियमचे शोषण कमी होते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ साली याबाबत अधिकृत इशारा दिला होता. मॅग्नेशियम फार कमी झाले तर पोटॅशियम आणि कॅल्शियमही खाली येतात, आणि मॅग्नेशियम भरल्याशिवाय ते नीट वर येत नाहीत. तुमचे गोळे याच वाटेने आले असतील तर पाकीट हा तात्पुरता ठिगळ आहे. ही गोळी अजून लागते का, हा खरा प्रश्न आहे. कधी काळी वेदनाशामकांबरोबर सुरू झालेली ती गोळी वेदनाशामके बंद झाल्यावरही चालू राहते, असे मी जवळजवळ रोज पाहतो. ती एकदम बंद करू नका. एकदम बंद केल्यास आम्ल उसळून येते आणि रुग्णाला वाटते की गोळीशिवाय चालतच नाही. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

यासाठी तपासण्या करून घ्या : सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी), हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. थायरॉईड कमी असणे, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व फार कमी असणे, रक्तक्षय असणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट अंगदुखी आणि थकवा वाढवते आणि प्रत्येकीवर स्वस्त, नेमका उपाय आहे. मॅग्नेशियमच्या तपासणीची एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. शरीरातील एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसते. बाकीचे हाडांत, स्नायूंत आणि पेशींत असते. त्यामुळे रक्तातील आकडा कमी आला तर तूट नक्की समजावी, परंतु आकडा सामान्य आला म्हणजे साठा भरलेला आहेच असे म्हणता येत नाही.

याच कारणाने, मूत्रपिंडे चांगली असतील तर, फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाला मी मॅग्नेशियम ठरावीक मुदतीसाठी देऊन पाहतो. त्यामागचे शास्त्र असे की चेतापेशींवर वेदनेचा संदेश वाढवणारी जी एनएमडीए नावाची दारे असतात, त्यांना मॅग्नेशियम कडीसारखे अडवून धरते. तर्क चांगला आहे, पण रुग्णांवरील पुरावा थोडा आहे, आणि तो थोडाच आहे हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. १९९५ साली २४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मॅलिक ॲसिड आणि मॅग्नेशियम यांच्या कमी मात्रेचा औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत स्पष्ट फायदा दिसला नाही. नंतर मात्रा वाढवल्यावर वेदना कमी झाल्याचे आढळले, पण त्या टप्प्यात आपण काय घेत आहोत हे रुग्णांना ठाऊक होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ६० स्त्रियांच्या एका अभ्यासात रोज ३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सायट्रेट आठ आठवडे दिल्यावर काही लक्षणांत सुधारणा दिसली, आणि ॲमिट्रिप्टिलीन या वेदनेसाठीही वापरल्या जाणाऱ्या औषधाच्या लहान मात्रेबरोबर दिल्यावर ती अधिक दिसली. एवढ्या आधारावर मॅग्नेशियमला फायब्रोमायल्जियाचे औषध म्हणता येत नाही. करून पाहण्याजोगा, बहुतेकांना सोसणारा उपाय एवढेच म्हणता येते. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या बाजूने तर तेवढाही आधार नाही.

घ्यायचे झाल्यास मॅग्नेशियम ग्लायसिनेट किंवा सायट्रेट घ्यावे, कारण ऑक्साइड कमी शोषले जाते आणि जुलाब लवकर करते. डबीवर ठळक छापलेला आकडा बहुधा पूर्ण संयुगाचा असतो. ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम फक्त १४ टक्के असते, म्हणून मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेला प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा आकडा वाचावा. रात्रीच्या जेवणानंतर १०० ते १५० मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ३०० पर्यंत जावे. शौचाला पातळ होऊ लागले की मात्रा कमी करावी. तुमची थायरॉईडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत किमान चार तासांचे अंतर हवे, नाहीतर थायरॉईडचे औषध नीट शोषले जाणार नाही. आणि हे लक्षात घ्या की तुमच्या पाकिटातही मॅग्नेशियम आहे, त्यामुळे सकाळी गोळीमागोमाग पाकीट घेण्याची जी सवय तुम्ही लिहिली आहे ती आजच बदला. तुमची थकव्याची तक्रार टीएसएच बिघडल्यामुळेही वाढू शकते. ज्यांना गॅबापेन्टिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध चालू आहे त्यांनीही मॅग्नेशियम त्याच्याबरोबर न घेता दोन तासांचे अंतर ठेवावे. आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर मॅग्नेशियम बंद करावे. एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) घातलेल्या पाण्याच्या शेकाबद्दलही मला पुष्कळ जणी विचारतात. त्वचेतून मॅग्नेशियम उपयोगी पडेल इतके आत जाते याला भक्कम पुरावा नाही, पण गरम पाण्याने स्नायू सैलावतात, तेव्हा शेक जरूर घ्यावा.

सोडियमचा खरा उपयोग ज्यांना होतो असा एक गट या रुग्णांमध्ये आहे, आणि तो हुकू नये म्हणून थोडे सविस्तर लिहितो. काही रुग्णांना उभे राहिले की चक्कर येते, छाती धडधडते, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी दहा मिनिटे उभे राहणे जमत नाही, आणि आडवे झाले की बरे वाटते. भुसावळहून आलेली एक तरुण शिक्षिका मला आठवते. पाचवा तास उभ्याने घेता येत नाही म्हणून वर्ग मुलांवर सोडून खुर्चीत बसावे लागते, हे सांगताना तिला रडू आले होते. तिला दहा मिनिटे तपासणीच्या टेबलावर निजवून नाडी मोजली, ती ७२ होती. नंतर भिंतीला न टेकता उभे केले आणि घड्याळ लावून मोजत राहिलो : पहिल्या मिनिटाला ९६, पाचव्याला १०४, दहाव्याला १०८. रक्तदाब उतरला नव्हता, पण पावले जांभळट झाली होती. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढणे हे पॉट्स नावाच्या विकाराचे लक्षण आहे, आणि फायब्रोमायल्जियाच्या काही रुग्णांत तो बरोबरीने आढळतो. तिला दिवसाला अडीच-तीन लिटर द्रव आणि नेहमीपेक्षा अधिक मीठ दिले, पायांना घट्ट मोजे दिले. दीड महिन्याने ती सलग तीन तास उभ्याने घेऊ लागली. खांद्यांचा ठणका मात्र तिचाही राहिला, आणि त्यावर वेगळे उपचार करावे लागले. तुम्हालाही उभे राहिल्यावर असे होत असेल तर ही तपासणी अवश्य करून घ्या. घरी करायची झाल्यास शेजारी धरायला कोणीतरी असू द्या.

याच्या उलट बाजूचा अनुभवही सांगणे आवश्यक आहे, कारण तो तुमच्या औषधाशी निगडित आहे. ड्युलोक्सेटिनमुळे काही जणांच्या, विशेषतः वयस्कर आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांच्या, शरीरात पाणी धरून राहते आणि रक्तातील सोडियम पातळ होते. यावल तालुक्यातील ६१ वर्षांच्या एका आजींना ही दोन्ही औषधे चालू होती. कुणीतरी ‘भरपूर पाणी प्या, सगळे विष निघून जाईल’ असे सांगितल्याने त्या दिवसाला पाच लिटर पाणी पीत होत्या. मुलाने त्यांना आणले तेव्हा त्या सुनेचे नाव विसरल्या होत्या. सोडियम ११९ निघाले. ते १३५ ते १४५ असायला हवे. औषधे बदलून, पाणी मोजून देऊन आणि रुग्णालयात ठेवून ते हळूहळू वर आणावे लागले. अशा रुग्णाला केवळ क्षाराचे पाणी पाजत राहिल्याने सोडियम सुधारेल याची खात्री नसते, कारण पाणी साठणे हेच तिथे कारण असते. म्हणून ड्युलोक्सेटिनवर असताना मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे असे नव्याने सुरू झाले तर पाकीट वाढवू नका. त्याच दिवशी सोडियम तपासा.

ओआरएसचा उल्लेखही करायला हवा, कारण अनेक घरांत तो अंगदुखीवरचे टॉनिक म्हणून पितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोडियमला सोबत नेते आणि त्यामागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. जुलाब, उलट्या, उन्हातल्या कामाचा घाम यांसाठी त्याला तोड नाही. पण त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे १७०० मिलिग्रॅम सोडियम असते, त्यामुळे रोजचे पेय म्हणून तो पिऊ नये. डब्यांतून मिळणारी गोड पेये तर ओआरएस नव्हेतच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली.

आता तुम्ही काय करावे. तपासण्या होईपर्यंत दोनाचे एक पाकीट करा, आणि तेही उन्हात काम असेल त्या दिवशीच, थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांनी. इतर दिवशी साधे पाणी, पातळ ताक, लिंबाचे सरबत पुरेसे आहे. केळी तर आपल्याकडे रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत दारात पिकतात. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते, म्हणजे तुमच्या दोन पाकिटांइतके. एका वहीत रोज रात्री चार आकडे लिहा : वेदना, थकवा, झोप आणि गोळे, प्रत्येकी शून्य ते दहा. चार आठवड्यांत एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळे पुन्हा आले आणि ठणका होता तिथेच राहिला, तर काय कशामुळे होते हे तुम्हालाच स्पष्ट दिसेल, आणि तुमच्या डॉक्टरांनाही त्या वहीचा रिपोर्टांइतकाच उपयोग होईल.

ठणक्यासाठी मात्र वाट वेगळी आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सुधारित शिफारशींत सगळ्या उपायांमध्ये ठामपणे पाठिंबा दिला तो एकट्या व्यायामाला. रोज पाच मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवणे, बरे वाटलेल्या दिवशी सगळे पापड आणि कुरडया एका बैठकीत उरकायला न बसणे, झोपेची वेळ सांभाळणे, आणि ड्युलोक्सेटिनची ३० मिलिग्रॅमची मात्रा पुरेशी आहे का हे डॉक्टरांना विचारणे, यांतून तुमच्या मान-खांद्यांना जे मिळेल ते कोणत्याही पाकिटातून मिळणार नाही.

यजमानांबद्दल : त्यांचे पाकीट आजपासून बंद करा. रक्तदाब असताना रोज अडीच ग्रॅम वाढीव मीठ हे एक कारण झाले. दुसरे असे की तुम्ही लिहिलेली त्यांची टेल्मिसार्टन ही गोळी पोटॅशियम शरीरात राखून ठेवते. तशात गुडघ्यांसाठी ते अधूनमधून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतात, ज्याने मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पोटॅशियम आणखी चढू शकते. वाढलेले पोटॅशियम पुष्कळदा काहीही जाणवू न देता हृदयाच्या ठोक्यांत गडबड करते. घरात ‘कमी सोडियमचे’ मीठ वापरत असाल तर त्यातही पोटॅशियम क्लोराइड असते, तेही त्यांच्यासाठी थांबवा. सैंधव मिठाने प्रश्न सुटत नाही, कारण तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. त्यांचे पोटॅशियम आणि क्रिएटिनिन याच आठवड्यात तपासून घ्या, आणि तुमचे रक्त द्यायला जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या.